धंतोलीच्या गल्लीत माझ्या गुडघ्याचं माप घेणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला आजही माहीत नाही. नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांच्या पाट्यांच्या गर्दीत जे सर्जिकलचं दुकान आहे, तिथं उंच स्टुलावर बसणारे, गळ्यात शिंप्यासारखी टेप अडकवलेले काका, एवढीच तुमची ओळख. मालक तुम्हाला ‘काका’ म्हणतात, म्हणून मीही म्हणते. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण गुडघा दुखला की आधी मोबाइल उघडून पट्टा मागवणारे पुष्कळ आहेत आणि तुमची गाठ प्रत्येकाशी पडणार नाही.

मी कोण, ते आठवत नसेल तर सांगते. गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गांधीसागरच्या वळणावर माझी स्कूटी घसरली. पाऊस होऊन गेला होता, सिमेंट रस्त्याच्या कडेला चिखल साचला होता. तोल सावरायला उजवा पाय खाली टेकवला, गाडीचा भार त्याच पायावर आला आणि गुडघा आत वाकला. आतल्या बाजूला काहीतरी ताणून सुटल्यासारखं वाटलं. पण उठता आलं, गाडीही सुरू झाली, महालातल्या घरी पोचले. हाड मोडलेलं नाही, मग डॉक्टर कशाला, असं मनाशी ठरवून मी त्याच रात्री एक नी कॅप मागवली. साइज विचारला तेव्हा माझा कुर्ता एल असतो म्हणून एल टाकला.

ती कॅप मी दिवसभर घालत होते आणि रात्रीही काढत नव्हते. जितकी घट्ट तितका आधार, असं मला खरंच वाटायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाची पीडा बाहेर नेणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हा, पाय उशीवर ठेवून पलंगावर पडले होते. मिरवणुकीचा गलका ऐकू येत होता. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून हाक दिली, ‘आमच्या मॅडमच्या गुडघ्याची पीडा घेऊन जा गे मारबत!’ तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, कारण पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येत होत्या आणि हे काय चाललंय ते मला कळत नव्हतं.

दोन दिवसांनी भावासोबत तुमच्या दुकानात आले. तुमच्या दुकानाला तीन पायऱ्या आहेत. मी पहिलीवरच थबकलेली पाहून तुम्ही आतून खुर्ची आणलीत आणि फुटपाथवर ठेवलीत. ‘बसा जी. काहून घाई करून राहिल्या?’ मी म्हटलं, हीच कॅप एक साइज मोठी द्या, जरा कडक. तुम्ही कॅप काढायला लावलीत आणि नुसतं बघत राहिलात. खालची कड गुंडाळून दोरीसारखी झाली होती आणि गुडघ्याखाली तिचा लाल वळ उमटला होता. बाहेरच्या बाजूला जे छोटं हाड हाताला लागतं, त्याच्याजवळ बोट नेऊन तुम्ही विचारलंत, ‘पाऊल सुन्न पडते का?’ मी हो म्हटलं. ‘इथून नस जाते. पट्टा इथं रुतला की पाऊल झोपते. जास्त दिवस दाबलं तर पाऊल वर उचलता येत नाही, मॅडम.’

मग चार पावलं चालून दाखवायला सांगितलंत. दुखतं ते आतून की बाहेरून, पडल्यावर सूज तासाभरात आली की दुसऱ्या दिवशी, गुडघा मध्येच अडकतो का, वळताना बाजूला निसटल्यासारखा वाटतो का, हे सगळं विचारलंत. निसटतो, म्हटलं. त्यावर तुम्ही टेप पुन्हा गळ्यात टाकलीत. ‘आज तुम्हाले मी काहीच विकत नाही. आत काय तुटलं ते माहीत नसताना कोणता ब्रेस देऊ? आधी डॉक्टरले दाखवा, चिठ्ठी घेऊन या.’

त्या वेळी मला राग आला होता. काउंटरवर अठराशे रुपयांचा डबा समोर होता, पैसे माझ्या हातात होते आणि तुम्ही तो द्यायला तयार नव्हता. तो राग मी तुम्हाला बोलूनही दाखवला. त्याची माफी इथं मागते.

डॉक्टरांनी पाय सरळ ठेवून आणि मग थोडा वाकवून गुडघा बाजूला ढकलून पाहिला. एक्स-रे साफ होता. गुडघ्याच्या आतल्या बाजूला मांडीचं हाड नळीच्या हाडाशी बांधून ठेवणारा जो लिगामेंट असतो, एमसीएल, तो अर्धवट फाटला होता. ग्रेड दोन. बाकीचे लिगामेंट आणि गादी शाबूत होती. ऑपरेशन नको म्हणाले; या लिगामेंटला रक्तपुरवठा चांगला असतो, तो बहुतेक वेळा आपला आपण भरतो, मात्र भरेपर्यंत गुडघा बाजूला झुकता कामा नये. चिठ्ठीवर हिंज्ड नी ब्रेस (गुडघ्याचा बिजागरीवाला पट्टा), सहा आठवडे, आणि फिजिओथेरपी.

चिठ्ठी घेऊन आले त्या दुपारी तुम्ही मला जे शिकवलंत, ते मी आता माझ्या शाळेत येणाऱ्या पालकांनाही सांगते. तीन डबे उघडून समोर ठेवलेत. पहिली साधी नी कॅप. ती दाबते, ऊब देते, सूज थोडी आवरते आणि पाय कुठं कसा पडतोय याची जाणीव वाढवते. ‘पण बाजूनं गुडघा धरत नाही. आठवण देते फक्त,’ हे तुमचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. दुसरा, दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि बिजागरी असलेला. गुडघा पुढेमागे वाकतो, बाजूला मात्र जात नाही. मला हवा होता तो हा. तिसरा मांडीपासून घोट्याच्या वरपर्यंत लांब, पाय अजिबात वाकू न देणारा. तो तुम्ही लगेच बाजूला ठेवलात. ‘लोक म्हणतात, मोठा द्या, मजबूत द्या. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय पाय लाकडासारखा बांधून ठेवला तर सांधा आखडते.’

मग माप. सलवारीवरून नाही, कातडीवर. वाटीच्या मधोमध एक, तिथून सहा इंच वर मांडीवर एक, सहा इंच खाली पोटरीवर एक. बॉलपेननं खुणा केल्यात आणि रिकाम्या डब्याच्या पुठ्ठ्यावर आकडे लिहिलेत: मांडी ५०, गुडघा ४१, पोटरी ३७ सेंटिमीटर. डब्यामागचा तक्ता दाखवलात. या कंपनीचा एल म्हणजे त्या कंपनीचा एम, म्हणून नुसतं अक्षर सांगून ब्रेस घ्यायचा नाही. मी मागवलेल्या कॅपचा तक्ता नंतर घरी पाहिला; सुजलेल्या गुडघ्याला ती दोन साइज लहान होती.

घालायचं कसं, हे तर कोणत्याच डब्यावर नीट लिहिलेलं नसतं. खुर्चीच्या काठावर बसून पाय जरासा वाकवायचा. समोरच्या गोल भोकात वाटी मधोमध आली पाहिजे आणि बिजागरी वाटीच्या उंचीला, अगदी बाजूला आली पाहिजे. पहिला पट्टा पोटरीचा, मग मांडीचा. मी उलटं करत होते. वरचा आधी आवळला की ब्रेस चालताना खाली घसरतो, आणि बिजागरी घसरली की ती सांध्याशी भांडत राहते. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बोटं गार पडली, निळसर दिसली, मुंग्या आल्या तर लगेच सैल करायचा. पोटरी सुजून दुखायला लागली तर दुकानात यायचं नाही, सरळ दवाखान्यात जायचं. तुम्ही माझ्याकडून तीनदा ब्रेस काढून घालून घेतलात. मागं गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी तुम्ही घाई केली नाही.

त्या गिऱ्हाइकांत एक मुलगा होता, पोलीस भरतीची तयारी करणारा. सोळाशे मीटरची धाव जवळ आली होती, त्याला दोन्ही गुडघ्यांना कॅप हव्या होत्या. तुम्ही त्याला वाटीखाली कुठं दुखतं ते बोटानं दाखवायला सांगितलंत. बूट किती जुने, डांबरी रस्त्यावर पळतोस की मैदानावर, अंतर एकदम वाढवलंस का, हे विचारलंत. मग म्हणालात, ‘दुखणं दाबून पळशील तर धावेच्या दिवशी बसावं लागीन, बेटा. उद्या सकाळी मेडिकल कॉलेजच्या हाडांच्या ओपीडीत जा.’ तो हिरमुसून गेला. तो ओपीडीत गेला की नाही, पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. पण मुलांच्या दुखण्याची एवढी चौकशी घरातली माणसंही करत नाहीत, हे शिक्षक म्हणून मी रोज बघते.

तीन आठवड्यांनी ब्रेस सैल झाला, म्हणून मी लहान साइज मागायला आले. तुम्ही गल्ल्याखालून तोच पुठ्ठा काढलात! पुन्हा तीन मापं. गुडघा ४१ वरून साडेअडतीसवर आला होता. मी खूश झाले. तुम्ही मांडीच्या आकड्यावर बोट ठेवलंत: साडेसत्तेचाळीस. दुसऱ्या मांडीचं माप घेतलंत, ते पन्नासच होतं. ‘सूज उतरली, हे चांगलं. पण मांडीही उतरली, हे चांगलं नाही. व्यायाम करून राहिल्या का?’

मी करत नव्हते, काका. फिजिओथेरपीला दोनदा जाऊन सोडून दिलं होतं. ब्रेस आहे ना, असं वाटायचं. तुम्ही लहान साइज दिला नाहीत, आहे त्याचेच पट्टे कुठवर ओढायचे ते दाखवलंत आणि म्हणालात, ‘पट्टा महिनाभराचा पाहुणा. गुडघा सांभाळते ती मांडी.’ दुसऱ्यांदा तुम्ही माझ्याकडचे पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून नियम लावला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची आणि दहा मोजायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायचा. पुढं टाचा उचलून उभं राहणं, मग भिंतीला पाठ लावून थोडंसंच खाली जाणं, मग जागेवरची सायकल. फिजिओथेरपीच्या ताईंनी प्रत्येक गोष्ट ब्रेस घालून आधी, मग काढून करून घेतली. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं आणि ब्रेस आधी घरात सुटला. बाहेर, सीताबर्डीच्या गर्दीत किंवा शाळेच्या मैदानावर तो आणखी काही दिवस घालत होते.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती विचारायला लाज वाटते आणि तुम्ही ती न विचारताच सांगितलीत. साडीखाली हा ब्रेस नीट बसतो, घट्ट लेगिंगवर घसरतो; सलवार घालायची तर घेराची. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर तेवढे आठवडे खुर्ची-कमोड आणा, आणि मांडी घालून बसणं, पाटावर जेवणं बंद. आमच्याकडं गौरी-गणपतीत मी सोफ्यावर बसून आरती केली. ऑक्टोबरच्या उन्हात घामानं पुरळ उठायला लागलं तेव्हा आत पातळ सुती स्टॉकिनेट (नळीसारखा मोजा) घालायचा आणि ब्रेस धुताना बाजूच्या पट्ट्या काढून, चिकटपट्ट्या बंद करून, साध्या साबणानं हातानं धुवून सावलीत वाळवायचा, हेही तुमचंच. मशीनमध्ये घातलेला एक ब्रेस तुम्ही नमुन्याला ठेवलाय, तो पाहिल्यावर कोणी मशीनचं नाव काढणार नाही.

फेब्रुवारीत रामटेकला गेलो. गडमंदिराच्या पायऱ्या ब्रेसशिवाय चढले. उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो, म्हणून एका बाजूनं, एकेक पायरी सावकाश उतरले. वर उभं राहून तुमची आठवण आली, आणि परत आल्यावर मांडी मोजली. साडेएकोणपन्नास.

आता एक विनंती. माझ्या आईचे दोन्ही गुडघे झिजलेत. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली आहे, वजन आणि व्यायामाचंही सांगितलंय. तिचं दुखणं माझ्यासारखं नाही, तिला माझा ब्रेस चालणार नाही, एवढं मला आता कळतं. येत्या शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, तिला घेऊन येते. तिला तुमच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत. ती खुर्ची तेवढी बाहेर काढून ठेवाल का? आणि पुठ्ठाही. माझ्या आकड्यांच्या खाली अजून जागा आहे.

तुमची,
महालातल्या शाळेतली मॅडम