केळीचा भाव चुकीचा छापला आणि नंतर ॲपवर गुपचूप बदलला, त्याबद्दल तक्रार

प्रति,
संपादक साहेब आणि ग्राहक सेवा विभाग,

नमस्कार. तुमचा पेपर आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतोय, ॲपची वर्षाची वर्गणी पण भरलेली आहे, आणि खरं सांगायचं तर ती रोजच्या केळी भावासाठीच भरली. गेल्या आठवड्यात तुमच्या जळगाव आवृत्तीत रावेरच्या भावात नवतीच्या (चांगल्या मालाच्या) जागी वापसीचा (हलक्या मालाचा) भाव छापून आला, म्हणजे क्विंटलमागे चारेकशे रुपये कमी. ॲपवर तोच आकडा, सकाळच्या नोटिफिकेशनमध्ये पण तोच.

तुम्हाला ही टायपिंगची बारीक चूक वाटत असेल, पण इकडे काय झालं ते ऐका. त्या दिवशी आमच्या बागेत कापणी लागलेली होती, मजूर घड उतरवू राहिले होते, गाडी बांधावर उभी, आणि व्यापाऱ्याने मोबाईल पुढे केला, "भाऊ, पेपरातच आलंय, मी जास्त कुठून देऊ?" कापलेला माल ठेवता येत नाही हे त्यालाही माहीत आणि मलाही. मी बाजार समितीत ओळखीच्या माणसाला फोन लावून खरा भाव विचारला आणि व्यापाऱ्याला दाखवायला तुमचं ॲप उघडलं, तर तिथे आकडा बदललेला! खाली एक ओळ नाही की आधी अमुक होता, चुकला होता, इतक्या वाजता दुरुस्त केला. त्याच्याकडे सकाळचा स्क्रीनशॉट, माझ्याकडे नवा आकडा, तारीख दोन्हीवर एकच, मग खरं कोणाचं धरायचं? शेवटी मधला भाव धरून माल द्यावा लागला. चुकीपेक्षा मला हा गुपचूप बदल जास्त लागला, कारण चूक झाली होती याचा पुरावाच तुम्ही पुसून टाकला.

कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, अपडेट केलंय ना." अहो पण ज्यांनी सकाळी वाचलं त्यांना कोणी सांगितलं? गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो जुना फोटो संध्याकाळपर्यंत फिरत होता, आणि दुरुस्तीचं नोटिफिकेशन काही आलं नाही.

मग दोन दिवसांनी आतल्या पानावर, निधनवार्तांच्या खाली, बारीक अक्षरात दोन ओळी आल्या की केळी भावात अनवधानाने चूक झाली, दिलगीर आहोत. कोणत्या दिवशीचा भाव, कोणत्या मालाचा, खरा किती, काहीच नाही. ही दुरुस्ती वाचून कोणाला काय कळणार?

प्रेस कौन्सिलच्या नियमावलीत स्पष्ट आहे की चूक लक्षात आली की पेपरने स्वतःहून, ताबडतोब आणि ठळकपणे दुरुस्ती छापावी आणि चूक गंभीर असेल तर दिलगिरी व्यक्त करावी. 'द हिंदू'ने 2006 साली वाचकांच्या तक्रारी बघायला वेगळा रीडर्स एडिटर नेमला, दुरुस्त्यांसाठी ठरलेली जागा ठेवली, आणि त्यात काय चुकलं आणि बरोबर काय हे दोन्ही लिहितात. तुम्ही एवढा मोठा माणूस नेमू नका, पण भावाच्या रकान्याखाली रोज दोन इंच जागा ठेवायला काय हरकत आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की तारीख, चुकीचा आकडा आणि खरा आकडा देऊन ही दुरुस्ती भावाच्या पानावरच परत छापा, ॲपवर त्या बातमीखाली बदलाची वेळ टाका, आणि यापुढे चुकीचं नोटिफिकेशन गेलं तर दुरुस्तीचं पण तेवढ्याच लोकांना पाठवा.

उत्तर लेखी द्या. दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे जायला छापून आल्यापासून दोन महिन्यांची मुदत असते आणि त्याआधी संपादकांना लिहावं लागतं, तर हे पत्र त्यासाठीचं पण समजा. कात्रण, दोन्ही स्क्रीनशॉट आणि मालाची पावती सोबत जोडली आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार आणि केळी उत्पादक,
ता. रावेर, जि. जळगाव