संत्याला पत्र : गुप्त कागद फुटला की

अंबाजोगाई

प्रिय संत्या,

परवा फोनवर तू म्हणायलास की सरकारांची गुप्त पत्रं फुटली तर चोर दोन दिवसांत सापडायला पाहिजे, सगळं कॉम्प्युटरवर तर असतंय. गड्या, आवक-जावकच्या टेबलावर बसणारा माणूस म्हणून सांगतो, पहिलं बघावं लागतंय ते कागद किती जणांच्या हातून गेला ते.

अमेरिकेतली रिॲलिटी विनर नावाच्या बाईची २०१७ची केस बघ. एनएसए म्हणजे तिथल्या एका सरकारी गुप्तचर संस्थेचा गुप्त रिपोर्ट एका न्यूज साइटकडं गेला, त्यांनी खरा का खोटा विचारायला कॉपी सरकारलाच दाखवली (काय म्हणावं ह्यांना!), अन् कॉपीवर घडीची खूण दिसली, म्हणजे प्रिंट काढून कुणीतरी बाहेर नेलंय. प्रिंट काढणारे निघाले ६, त्यातल्या एकीच्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून त्या साइटला मेल गेलेला, तोही भलत्याच कामाचा. सापडली.

आता लंडन. वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत किम डॅरॉक, ट्रम्प सरकारला नालायक ठरवणारे त्यांचे संदेश ७ जुलै २०१९ला पेपरात आले, ट्रम्प म्हणाले ह्या माणसाशी आम्ही बोलणार नाही, १०ला राजीनामा. पण संदेश २०१७पासूनचे, अन् असला संदेश एका साहेबापुरता थोडाच असतो, मंत्रालयात, वरच्या ऑफिसात, किती टेबलं फिरतो. गावजेवणात वाटी हरवल्यावर कुणाकुणाच्या पिशव्या बघशील?

पाकिस्तानात तर उलटंच, खुद्द तेव्हाच्या पंतप्रधान इम्रान खाननं मार्च २०२२मध्ये सभेत कागद फडकवला, वॉशिंग्टनहून आपल्याच राजदूतानं पाठवलेल्या सायफरवरनं, म्हणजे सांकेतिक भाषेतल्या गुप्त संदेशावरनं. खानला दिलेली कॉपी परत आलीच नाही हाही आरोप लागला, जानेवारी २०२४मध्ये १० वर्षं शिक्षा अन् जूनमध्ये हायकोर्टानं ह्या केसमध्ये निर्दोष ठरवलं. आमच्याकडं फाईल परत आली नाही तर नुसती नोटीस निघते रे.

मला खरा राग आला तो लंडनच्या पोलिसांचा. डॅरॉकच्या तपासात नील बसू ह्या बड्या अधिकाऱ्यानं पेपरवाल्यांनाच बजावलं की हे कागद छापू नका, गुन्हा होऊ शकतो. दुसऱ्या दिवशी इतकी बोंब झाली की खुलासा करावा लागला, तेव्हा पंतप्रधानपदाच्या शर्यतीत असलेले जॉन्सन अन् हंटसुद्धा पेपरवाल्यांच्या बाजूनं बोलले. फोडणारा बहुधा घरातला, अन् दम बाहेरच्याला, हे काही मला पटत नाही. तुला पटत असलं तर कामून ते लिही, फोनवर तू मधीच तोडतोस.

तुझा,
बाळ्या