सुलूस पत्र

शहापूर, बेळगाव

प्रिय सुलू,

सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम. पावसात अण्णांचे गुडघे धरतात, एवढेच.

दादाने दुबईहून आणलेल्या तिन्ही पर्स वहिनींनी अभीच्या फीसाठी विकायला काढल्या आहेत. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने केवळ फोटो पाहून तिन्हींचा मिळून एकच भाव सांगितला आणि वहिनी होकार द्यायला निघाल्या आहेत. तिन्हींना मोड, म्हणजे परत विकताना येणारी किंमत, सारखी नाही, हे त्यांना कसे पटवावे, या काळजीने माझी झोप उडाली आहे.

कोचची पर्स खुशाल जाऊ दे; ती कंपनी स्वतःच आउटलेटमध्ये सवलतीने माल विकते, मग जुन्याला कोण भाव देणार? लुई व्हिटॉन सेल लावत नाही, म्हणून तिच्या स्पीडी पर्सचा भाव बरा टिकतो; पण तिच्या मुठी रंग न दिलेल्या कातड्याच्या असतात आणि वहिनींच्या पर्सच्या मुठी हाताच्या घामाने काळवंडल्या आहेत, त्यामुळे तिथे घट धरावीच लागेल. जीव अडकला आहे तो शनेलमध्ये. तिच्या मध्यम आकाराच्या क्लासिक फ्लॅप या झाकणाच्या पर्सची अमेरिकेतली किंमत २०२३ मध्ये दहा हजार डॉलरच्या वर गेली. जुन्या पर्सला नव्याइतके पैसे येत नाहीत, तरी नव्याचा भाव चढला की तिचाही चढतो. दुकानातल्या किमतीहून जास्त मिळते ते बहुधा एर्मेस कंपनीच्या बर्किन पर्सला, कारण मागेल त्याला ते दुकान ती देतच नाही. जिच्या नावावरून ती पर्स ओळखली जाते त्या अभिनेत्री जेन बर्किनची स्वतःची पर्स २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली, ही बातमी अभीने वहिनींना वाचून दाखवली. तो हिशेब आपल्या पर्सला लागत नाही, हे मला दोघांनाही समजवावे लागले.

आपल्या शनेलच्या आतल्या स्टिकरवरचा नंबर दादाने जपलेल्या कार्डाशी जुळतो, पण व्यापाऱ्याने कार्डाची चौकशीसुद्धा केली नाही. कोपरे शाबूत आहेत; फक्त झाकणाच्या आत बुरशीचा पांढरा ठिपका दिसला आणि कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास भरला आहे. मी ती पुसून पंख्याखाली ठेवली आहे.

पतसंस्थेत तारण घेताना तू माझ्या कुड्यांतले मोती वजनातून वजा केलेस, तो राग अजून गेलेला नाही. तरीही नजर तुझीच हवी, कारण वहिनी माझे ऐकत नाहीत आणि तुझा शब्द मोडत नाहीत.

निपाणीच्या घराचा स्लॅब पडला का? मेधाचा निकाल कळव.

रविवारपर्यंत वहिनींना फोन कर आणि शनेल वेगळी काढून, कार्डासह, निदान तिघांना दाखवायला सांग.

तुझी,
शैला