शौचाचा नमुना कर्करोगाच्या आधी घ्या : वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

आतड्यातले जिवाणू आणि यकृताचा कर्करोग यांचा संबंध शोधण्यासाठी कोणी निधी मागितला, तर आधी एवढेच विचारा : शौचाचा नमुना कधी घेणार? कर्करोगाचे निदान झाल्यावर, असे उत्तर आले तर प्रस्ताव परत पाठवा.

आतड्यातल्या जिवाणूंवरची ही शंका पोकळ नाही. यकृताला मिळणारे सुमारे तीन-चतुर्थांश रक्त पोर्टल शिरेतून, म्हणजे मुख्यतः आतड्याकडून येते. अमेरिकेत २०१० साली हेलिकोबॅक्टर हिपॅटिकस हा जिवाणू उंदरांच्या आतड्यात सोडला, तेव्हा अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे होणारा यकृताचा कर्करोग वाढला. जिवाणूला यकृतापर्यंत जावेही लागले नाही. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी लठ्ठ उंदरांत जिवाणूंनी बनवलेल्या डीऑक्सिकोलिक या पित्ताम्लावर बोट ठेवले.

पण हे सगळे उंदरांत. माणसांत घोळ असा, की सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणे) झाला की तोंडातले जिवाणू आतड्यात मुक्काम ठोकतात. त्यात अनेक रुग्णांना लॅक्टुलोज, रिफॅक्सिमिन, शिवाय अॅसिडिटीची गोळी चालू असते, आणि ही तिन्ही औषधे आतड्यातले जिवाणू बदलतात. मग मोजले काय? कर्करोगाचे कारण, सिरोसिसचा परिणाम, की डॉक्टरांची चिठ्ठी?

सिरोसिसच्या रुग्णाची दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी व्हायलाच हवी. त्याच फेरीला नमुना घ्यावा. फॅटी लिव्हरवाल्यांपैकी कोणाकडे जास्त लक्ष द्यायचे हे फिब-४ हा निर्देशांक सांगतो : वय, एएसटी आणि एएलटी (रक्तात मोजली जाणारी यकृताची दोन एन्झाइम्स) आणि प्लेटलेट, एवढ्यावर आकडा निघतो. तो १.३ च्या वर गेला तर पुढची तपासणी. नवे यंत्र लागत नाही.

नमुना मटारच्या दाण्याएवढा पुरतो, पण तो लगेच प्रिझर्व्हेटिव्हच्या नळीत जायला हवा, नाहीतर बर्फात ठेवून उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. डबी दुपारपर्यंत ओपीडीच्या टेबलावर राहिली तर ई. कोलायसारखे जिवाणू वाढतात आणि अहवाल रुग्णाचा न राहता टेबलाचा होतो. गोठवण्याआधीच ३-४ भाग करावेत. एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवला की बिघडतो. केसपेपरवर गेल्या ३ महिन्यांतली अँटिबायोटिक्स, दारू, मधुमेह, हिपॅटायटिस बी आणि सी यांची नोंद हवी. फ्रीजरला जनरेटर आणि तापमानाचा अलार्म हवा. (निविदेत हेच कलम राहून जाते.)

तोवर आतड्यातल्या जिवाणूंच्या नावाखाली प्रोबायोटिकच्या पुड्या वाटू नयेत. त्यांनी हा कर्करोग टळतो असा पुरावा नाही. हिपॅटायटिस बीची लस मात्र टाळते, आणि पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत द्यायचा असतो.

लसीकरणाचे काम सार्वजनिक आरोग्य विभागाचे. जिल्हा रुग्णालयांतले रुग्णही त्यांच्याकडे, फ्रीजर मात्र आपल्या महाविद्यालयांत. म्हणून शासन निर्णय दोन्ही विभागांचा एकत्रित हवा, आणि नमुन्याची ने-आण कोणाच्या खर्चाने ते त्यात लिहिलेले हवे.

आपले,
यकृतविकार व सूक्ष्मजीवशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे