उद्यमबागच्या अक्कांना, बंद पडलेल्या लिंकबद्दल

आदरणीय अक्का,
स. न.

कुंदा पाठवावा म्हटलं, तर बेळगावच्या माणसाला बेळगावचाच कुंदा काय पाठवायचा! म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण उद्यमबागेपासून मच्छेपर्यंत बऱ्याच कारखान्यांत हीच गत होते. तुम्ही सांगितलेलं आणखी चार जणांच्या कामी येईल.

आमच्या फाउंड्रीत पुण्याच्या गिऱ्हाइकाकडून पंपाच्या केसिंगचं (बाहेरच्या कवचाचं) ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेल आलं होतं. असल्या फाइली मेलला जोडून येत नाहीत. जीमेलची मर्यादा २५ एमबी, त्यात जोडलेली फाइल एन्कोडिंगमुळे साधारण एक तृतीयांशानं फुगते. म्हणून क्लाउडवर ठेवून लिंक पाठवायची पद्धत. पॅटर्नवाल्याची (ओतकामाच्या साच्यासाठी नमुना बनवतो तो) आधीची कामं उरकली, तो आमच्या कामाला बसला आणि नेमकी लिंक ‘एक्सपायर्ड’. मग ऑफिसात जो तो आपलं औषध सांगायला लागला. कुणी मॉडेम बंद करून चालू केला, कुणी ब्राउझर बदलला, एकानं लाइटीला दोष दिला. लाइट होती, तरी.

तुम्ही शेजारच्या मशीन शॉपमधून कोअर बॉक्सचं (मालातली पोकळी सोडायला लागणारा वाळूचा गाभा ज्यात घडवतात त्या पेटीचं) माप विचारायला आला होता. घरात कन्नड, आमच्याशी चोख मराठी. तुम्ही म्हणालात, “दादा, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून तर सांगा की ओ, आहे तसं.” तोवर कुणी ते धड वाचलंच नव्हतं.

‘मुदत संपली’ वेगळं, ‘तुम्हाला परवानगी नाही’ वेगळं आणि ‘फाइल सापडत नाही’ वेगळं, हे तुम्ही उभ्या उभ्याच समजावलंत. परवानगी नाही म्हटलं तर आधी ब्राउझरमध्ये कुणाच्या खात्यानं लॉगिन आहे ते बघायचं. घरचं जीमेल उघडं असतं आणि लिंक असते कंपनीच्या पत्त्यावर. फाइल सापडत नाही म्हटलं तर पाठवणाऱ्यानं ती काढून टाकलेली किंवा हलवलेली असू शकते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, तेवढ्यात ती परत आणता येते, पण ती पण त्यांनीच. आणि मुदत संपली असेल तर इकडून कितीही बटणं दाबा, उपयोग नाही. तारीख पाठवणाऱ्यानं किंवा त्यांच्या आयटीवाल्यांनी घातलेली असते, ती वाढवायची पण त्यांनीच. ड्राइव्हसारख्या ठिकाणी फाइल जागेवरच असते, नुसती नवी लिंक काढली की झालं. नुसत्या फाइल पोचवणाऱ्या फुकटच्या सेवांत मात्र मुदतीनंतर फाइलच पुसली जाते, ती पुन्हा चढवावी लागते.

आणखी एक गाठ तुम्हीच सोडवलीत. लिंक आली होती पर्चेसच्या मेलवर, आम्ही ती वर्कशॉपच्या मेलवर फॉरवर्ड करत बसलो होतो. ठरावीक माणसांपुरती दिलेली लिंक फॉरवर्ड करून दुसऱ्याला उघडत नाही. पडताळणीचा कोड मूळ पत्त्यावरच जातो. हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आसपासच्या कुणालाच नव्हतं.

पण मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो पुढच्या गोष्टीसाठी. आमच्या एकाच्या मोबाइलवर त्या ड्रॉइंगचा फोटो होता. त्यावरूनच पॅटर्न सुरू करू, असं जवळपास ठरलं होतं. तुम्ही हात दाखवून थांबवलंत. “लिंक मुद्दामच बंद केली असली तर? ड्रॉइंगचं रिव्हिजन, म्हणजे आवृत्ती, बदललंय का ते पण विचारा.” आमच्याच कॉम्प्युटरवर बसून तुम्ही मेल लिहिलात: मूळ मेलची तारीख आणि विषय, फाइलचं नाव, फोटोतलं रिव्हिजन, स्क्रीनवरचा संदेश जसाच्या तसा, कुठल्या दोन पत्त्यांना परवानगी हवी आणि कधीपर्यंत.

संध्याकाळच्या आत नवी लिंक आली. ड्रॉइंग रिव्हिजन ‘बी’वरून ‘सी’वर गेलं होतं. फ्लँजची (जोडणीच्या कडेची) जाडी वाढली होती आणि एक बॉस, म्हणजे केसिंगवरचा उंचवटा, सरकला होता. फोटोवरून पॅटर्न केला असता तर तो आणि त्यावर ओतलेला माल, दोन्ही भंगारात. त्या नुकसानीचा आकडा मालकांनी काढला, मी इथे लिहीत नाही.

आता लिंक आली की त्याच दिवशी फाइल उतरवून ऑफिसच्या फोल्डरमध्ये रिव्हिजनच्या नावानं ठेवतो, आणि काम सुरू करण्याआधी रिव्हिजन तेच आहे ना, असं एका ओळीत विचारून घेतो. गिऱ्हाइकाला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं असं दिसतंय.

तुमच्या मेलचा मसुदा पर्चेसच्या पोरानं जपून ठेवलाय आणि त्यात स्वतःची एक ओळ घातली आहे: ‘लिंक कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते मेलमध्येच कळवावे.’ पुढच्या वेळी माप विचारायला याल तेव्हा ती तेवढी बघून घ्या.

आपला,
शेजारच्या फाउंड्रीतला एक