चक्कीपर्यंत पायी

ता. आर्वी, जि. वर्धा
४ जानेवारी

प्रिय गड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "गाड्या बंद करायचं काय काढलं म्हणे गावात?" तेव्हा मी वावरात होतो, तूर कापणं चालू होतं, मजूर थांबलेले. दोन वाक्यांत सांगून मोकळा झालो आणि दिवसभर चुकचुकल्यासारखं वाटत राहिलं. आज थंडी जबर आहे, जेवणं लवकर आटोपली, म्हणून बसलो लिहायला.

आधी एक सांगतो. गाड्या बंद करायचं आम्ही कुठंच म्हटलं नव्हतं. तसं म्हटलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळं बारगळलं असतं. ठरलं ते एवढंच, की एकवीस दिवस, जिथं गाडीशिवाय भागतं तिथं आपली गाडी काढायची नाही.

सुरुवात सोयाबीनच्या हिशोबापासून झाली. सप्टेंबरात वही घेऊन बसलो होतो. बियाणं, खत, फवारणी, निंदणाची मजुरी, सगळं लिहिलेलं. बायको भाजी निवडत होती, ती म्हणाली, "अन् पेट्रोल कुठं लिवलं?" कुठंच लिहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधीच नाही. शंभराच्या वर भाव गेलेली वस्तू रोज जाळतो आणि खर्चात धरत नाही. मग आठ दिवस एकच काम केलं. गाडी चालू केली की वहीच्या मागच्या पानावर लिहायचं, कुठं गेलो, कशाला गेलो. आठ दिवसांत ३१ वेळा निघालं. त्यातल्या २५ वेळा मी गावाच्या शिवेबाहेर गेलोच नव्हतो. चक्की, दूध डेअरी, पानठेला, फाट्यावरचं कृषी केंद्र, देऊळ. आर्वीला फक्त दोन चकरा. ते पान मी कितीतरी वेळ पाहत बसलो. आपण शाळेत असताना एका सायकलवर दोघं सहा किलोमीटर जात होतो, चढावर उतरून ढकलत होतो, आणि त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. तोच मी पाचशे पावलांवरच्या चक्कीला गाडी काढतो.

दुसऱ्यांनाही लिहायला सांगितलं. चारपाच जणांनी मनावर घेतलं. सगळ्यांच्या वह्यांत थोड्याफार फरकानं हेच.

भाषण देऊन हे सुटणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. पण आपल्या तालुक्यात एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. २०१७ साली काकडदरा गाव पाणी अडवायच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं. तेव्हा तू पुण्यात होतास, मी दोनदा जाऊन आलो. एप्रिल-मेच्या उन्हात लहान-मोठे सगळे टिकास-फावडं घेऊन टेकडीवर. चर खोदणं काही आपल्या लोकांना नवं नव्हतं, पण स्पर्धा होती, दिवस मोजलेले होते, शेजारचं गाव किती पुढं गेलं ते कळत होतं. माणूस मोजमापाला लागला की त्याला आपसूक जोर येतो. हेच मी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडलं. एकवीस दिवस. जिथं पायी, सायकलनं, येष्टीनं किंवा दुसऱ्याच्या सोबतीनं जाता येतं तिथं आपली गाडी काढायची नाही. दवाखाना, ओझं, म्हाताऱ्या माणसाला नेणं-आणणं याला पूर्ण सूट. तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवसापासून सुरू. महिना मुद्दाम निवडला. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर असताना कोणाला पायी चाल म्हणणं पाप आहे, आणि पावसाळ्यात पांदणीतून बैलही निघत नाही.

मोजायचं कसं, यावर बराच वाद झाला. कोणी म्हणे मोबाईलवर, कोणी म्हणे रजिस्टर ठेवू. शेवटी माझ्या आईनं सांगितलेलं चाललं. पूर्वी दुधाचा रतीब भिंतीवर रेघा ओढून ठेवत, तसं. दाराजवळच्या भिंतीवर चुन्याचा हातभर पट्टा, आणि गाडी टाळून केलेल्या प्रत्येक चकरेची गेरूची एक रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. रेघ ओढायचा अधिकार फक्त घरातल्या सर्वांत लहान पोराचा. गड्या, हे फार कामी आलं. मोठी माणसं एकमेकांना गंडवतील, पण सहा वर्षांची पोरगी हातात गेरू घेऊन दारात उभी असली की खोटं बोलवत नाही. पुऱ्यापुऱ्यांत, म्हणजे गावातल्या वस्त्यावस्त्यांत, चुरस लावली. वरचा पुरा, खालचा पुरा, टाकीजवळचा पुरा. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना रोडगे खाऊ घालायचे. ५८ घरांनी पट्टे ओढले.

आता खरं दुखणं सांगतो. मला वाटलं होतं आळस आडवा येईल. आडवी आली ती लाज. पहिल्या दिवशी मी दळणाचा डबा खांद्यावर घेऊन निघालो तर घरापासून चक्कीपर्यंत सात जणांनी विचारलं, "गाडी बिघडली का भाऊ?" एकानं तर बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हप्ता थकला का? सांग, काही करू." तो अगदी मनापासून विचारत होता, म्हणूनच ते जास्त लागलं. आपल्याकडं पायी दिसणारा माणूस म्हणजे अडचणीतला माणूस, असं कधी होऊन बसलं? ज्याच्या पोरीची सोयरीक चालू आहे त्यानं मला स्पष्ट सांगितलं, पाहुणे येऊन जाईपर्यंत मला यातून सोड. मी सोडलं. त्याची अडचण खरी होती. तसं पाहिलं तर या मातीत पायी चालण्याचा केवढा मान! १९३६ साली गांधीजी वर्ध्याहून शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, पायी आले. १९५१ मध्ये विनोबा इथूनच पायी निघून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पोचले आणि त्याच प्रवासात पुढं पोचमपल्लीला भूदान सुरू झालं. हे मी पारावर सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकजण म्हणाला, "ते मोठी माणसं होती, आपलं काय."

मला उत्तर सुचलं नाही. ते दिलं देवळाशेजारच्या आजीनं. तिला तू ओळखतोस, आपल्याला चिंचा पाडू द्यायची नाही ती. बुलढाण्याकडच्या शेगावच्या गजानन महाराजांच्या पालखीसोबत ती दोनदा पंढरपूरला पायी जाऊन आली आहे. ती ओट्यावरूनच म्हणाली, "पंढरपूरले पायी जाता तवा सारे पाया पडते. मंग चक्कीवर पायी जाले काऊन लाज वाटते रे तुमाले?" पारावर कोणी काहीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच फाट्यापर्यंत पायी गेले, मुद्दाम मधल्या रस्त्यानं, सगळ्यांना राम राम करत. त्यानंतर "गाडी बिघडली का" हा प्रश्न कमी झाला. चौथ्या-पाचव्या दिवशी तर गाडीवर जाणाऱ्यालाच पोरं ओरडून विचारायची, "काका, रेघ गेली ना!"

बाबांची सायकल आठवते? कोठ्यात कडब्यामागं पडली होती. शाळेजवळ पूर्वी सायकलचं दुकान होतं ना, तो म्हातारा आता चिप्सची पाकिटं विकतो. त्याच्याकडं ढकलत नेली. त्यानं पाकिटं बाजूला सारली, आतून जुना लाकडी डबा काढला. पाने, सोल्युशनची ट्यूब, घासायचा पॉलिशपेपर, सगळं जागच्या जागी. मागच्या चाकाचा हब खोलला तर छर्रे गंजून एकमेकांना चिकटलेले. ते त्यानं डिझेलमध्ये धुतले, खराब झालेले वेगळे केले, बाकीचे ग्रीस भरून एकेक बोटानं बसवले. ट्यूब टोपल्यातल्या पाण्यात दाबून गोल फिरवली. एका जागी बारीक बुडबुडे निघाले, तिथं त्यानं अंगठा ठेवला आणि माझ्याकडं पाहून हसला. किती वर्षांनी त्याला तो बुडबुडा दिसला असेल! एकवीस दिवसांत त्यानं गावातल्या सतरा सायकली उभ्या केल्या.

बायकांचं वेगळंच झालं. १७ मार्च २०२३ पासून येष्टीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तर बाजाराला त्या आधीच येष्टीनं जात होत्या. गाडी उडवत होतो आपण पुरुष. पण बचत गटाच्या सभेत एक सून म्हणाली, मला सायकल येत नाही, शिकवा. एक म्हणता अकरा झाल्या. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर, दिवेलागणीला, म्हणजे कोणी पाहणार नाही अशा वेळी. गुरुजींनी त्यांना तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईचं सांगितलं. तिथं १९९०-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीसोबत खेड्यापाड्यातल्या हजारो बाया सायकल शिकल्या. ते ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी या उजेडात आल्या. अकरांपैकी सात जणी आता रोज वावरात शिदोरी सायकलनं नेतात. मला विचारशील तर सगळ्या उपक्रमातलं हेच सर्वांत मोठं काम झालं, आणि ते आमच्या नियमांत कुठंच नव्हतं.

गुरुजींनी पोरांसाठी आणखी एक चांगलं केलं. पेट्रोलचं गणित फळ्यावर मांडलं. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आत-बाहेर, पण ते जळलं की कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे २.३ किलो. पोरांनी घरी येऊन सांगितलं तर बापांना पटेना. पाऊण किलोतून सव्वादोन किलो कसा निघेल? मग पोरांनीच समजावलं की इंजिन हवेतला ऑक्सिजन ओढतं, तो पेट्रोलमधल्या कार्बनला चिकटतो, वजन त्याचं. आणि थोडं चालवून बंद केलेली गाडी अ‍ॅव्हरेजही कमी देते, कारण इंजिन तापायच्या आतच आपण उतरतो. हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं, कारण खिशाचं होतं.

सगळं गोड झालं असं समजू नकोस. दुसऱ्या आठवड्यात कापसाची वेचणी जोरात आली आणि रेघा एकदम कमी पडल्या. मजुरांना पाणी पोचव, गाठोडी आण, संध्याकाळी मापं घे, माणूस किती पायी फिरणार? ओझ्याला सूट होती, पण ओझं टाकून येताना रिकाम्या गाडीचं काय, यावर खालच्या आणि वरच्या पुऱ्यात भांडण झालं. दोन दिवस बोलणं बंद. शेवटी आजीनंच निवाडा दिला की रिकामी गाडी येताना कोणाला सोबत बसवून आणली तर रेघ धरायची. मग वावरातून येणारा प्रत्येक जण धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, थांबून हाका मारू लागला, "कोणी येता का गावात?"

आणि रात्रीचं ओलीत. आठवडाभर वीज रात्रीची असते. हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री एक वाजता दोन किलोमीटर पांदणीतून जायचं, रानडुकरं वाटेत, बिबट्याची भीती. गाडीचा उजेड आणि आवाज हाच तिथं आधार. पहिल्या यादीत ही सूट लिहायची आमच्याकडून राहून गेली होती. एक तरुण पोरगा रेघेसाठी रात्री पायी गेला आणि डुकरानं त्याला पाडलं. मांडीला सहा टाके पडले. मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई काही बोलली नाही, पाणी दिलं फक्त. ते पाणी घशाखाली उतरत नव्हतं. त्याच रात्री घरोघर जाऊन सांगितलं की अंधार पडल्यावर कोणीही पायी वावरात जायचं नाही. पोरगा आता बरा आहे. पण पुढच्या फेरीच्या कागदावर ही ओळ सर्वांत वर राहणार.

एकविसाव्या दिवशी ५८ पैकी ४३ घरांचे पट्टे चालू होते. जिंकला टाकीजवळचा पुरा. रोडगे सरपंचांच्या वावरात झाले. गोवऱ्यांचा जाळ, वांग्याची भाजी, वरण, आणि राखेतून काढलेले रोडगे कापडात घेऊन झाडणारी आपलीच माणसं. सगळे वावरापर्यंत पायी आले होते, परतताना चांदणं होतं. इतकी माणसं एकत्र बोलत चाललेली मी लहानपणानंतर पहिल्यांदा पाहिली. धुऱ्यावरून दोन वर्षं अबोला असलेले दोन भाऊ त्या रांगेत मागं-पुढं चालत होते. बोलले नाहीत, पण एकानं काटेरी फांदी बाजूला धरली आणि दुसरा निघेपर्यंत धरून ठेवली.

माझ्या वहीत त्या महिन्यातलं पेट्रोल आधीच्या निम्म्याहून कमी आहे. आता ते खर्चात लिहितो.

तुझ्याकडं एक काम आहे. दुसरी फेरी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत जाहीर करायची आहे, महाशिवरात्रीच्या आत संपवू, पुढं ऊन तापतं. या वेळी शेजारची दोन गावं येतो म्हणतात. सायकली मात्र कमी पडतात, विशेषतः बायकांना चालवता येतील अशा, पुढच्या दांड्याशिवायच्या. मागं तुझ्याकडं आलो तेव्हा तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला लावलेल्या धूळ खात पडलेल्या सायकली मी पाहिल्या होत्या, दहा-बारा तरी असतील. मालकांना विचार. टायर गेलेले असले, चेन तुटलेली असली तरी चालेल, म्हातारा इथं वाटच पाहून राहिला आहे. ट्रान्सपोर्टनं वर्ध्यापर्यंत टाक, पुढं मी आणतो. भाडं आम्ही गावातून जमवू, तू त्याची काळजी करू नको.

आणि शिवरात्रीला आलास तर आर्वीहून घ्यायला गाडी पाठवणार नाही. येष्टीनं फाट्यावर उतर. मी बाबांची सायकल घेऊन उभा राहीन, चढावर दोघं उतरून ढकलू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आई विचारत होती तुझं गुडघ्याचं कसं आहे.

तुझाच