बाबा, झुंजारच्या पुढचं वाचा

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता रहस्यकथेत काही राम उरला नाही." अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या माणसाला तसं वाटणारच. पण मला ते पटलेलं नाही, म्हणून चार पुस्तकं फोंड्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. खुनी कोण, याहून माणूस त्या थराला जातो कसा, याचा माग हे लेखक काढतात. मला त्याचीच गोडी लागली आहे.

पहिलं तुमच्यासाठी, केगो हिगाशिनोंचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. मूळ जपानी कादंबरी २००५ ची. खून सुरुवातीलाच होतो. छळणाऱ्या माजी नवऱ्याला एक बाई मारते आणि शेजारचा गणिताचा मास्तर, इशिगामी, तिला वाचवायला पुढे होतो. भूमितीचं वाटावं आणि निघावं बीजगणिताचं, असे प्रश्न तो परीक्षेत काढतो. पोलिसांपुढेही तेच करतो. तुम्ही जन्मभर फळ्यापुढे उभे राहिलात, तुम्हाला हा माणूस परका वाटणार नाही.

आई, तुला सुजाता मॅसींचं 'अ मर्डर ऑन मलबार हिल'. १९२१ ची मुंबई, आणि परवीन मिस्त्री नावाची तरुण पारशी वकील. ही व्यक्तिरेखा सुचली ती आपल्या नाशिकात जन्मलेल्या, भारतातल्या पहिल्या स्त्री वकील कॉर्नेलिया सोराबजींवरून. गोषातल्या तीन विधवांनी सगळा वारसा एका धर्मादाय संस्थेला लिहून दिलाय. त्यातल्या एकीची सही म्हणजे नुसती फुली! पुरुष वकिलाला आत जाता येत नाही, परवीनला येतं. वाचताना मला सारखी मावशी आठवत होती. हक्क सोडल्याचा कागद तिच्यापुढे ठेवला होता, आणि तू "आधी सगळा वाच, मग सही" म्हणून अडून बसली होतीस. भावांचे चेहरे कसे झाले होते!

रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब' हलकंफुलकं आहे. वृद्धांच्या वसाहतीतले चौघे मिळून खुनाचा छडा लावतात. दुपारी वाचायला छान.

नीलांजना रॉय यांचं 'ब्लॅक रिव्हर' मात्र जपून वाचा, रात्री तर नकोच. दिल्लीजवळच्या खेड्यात आठ वर्षांची मुनिया मारली जाते. गावाला लगेच कोणीतरी गुन्हेगार हवा असतो, आणि एक भटका मुसलमान आयता सापडतो. तपास चालू राहतो, पण माझं लक्ष सारखं तिच्या बापाकडे, चांदकडे जात होतं. त्याच्या घरात ती एकुलती एक. मध्येच मी पुस्तक मिटून तुम्हाला फोन लावला होता, उगाचच. कारण तेव्हा सांगितलं नाही.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर डोळे लगेच ताणू नका. चवथीला येताना मोठ्या अक्षरांसाठी माझं किंडल घेऊन येते. तोवर आईने वाचून दाखवावं. इशिगामीपासून सुरुवात करा, आणि आई, शेवटची पानं आधी चाळू नकोस.

तुमची,
मनू